डोहातील मासे आणि पिसांची माशी

पावसाळा सरून नदीचे पाणी निवळू लागले, की आपल्या नदीत काय उरले आहे ते काठावरच्या शेतकऱ्याला दिसू लागते. पहाटे पाण्याचा पंप सुरू करावयास गेलेला माणूस डोहाच्या कडेला क्षणभर उभा राहिला, तर उथळ धारेवर पोटाची पांढरी झाक दाखवीत वळणारा मासा त्याच्या दृष्टीस पडतो. तिन्हीसांजेला डोहाच्या तोंडाशी लहान मासळी एकाएकी पाण्याबाहेर उसळते. तिच्यामागे शिवडा लागलेला असतो. पुढे फाल्गुन-चैत्रात नदीची धार तुटते आणि मैलोगणतीच्या पात्रातले वाचलेले मासे चारदोन डोहांत गोळा होतात. पुढच्या आषाढात जी अंडी पडावयाची, ती याच माशांची. शेतकरी ज्याप्रमाणे बियाण्याची कणगी वेगळी ठेवतो, त्याप्रमाणे डोह ही नदीची कणगी होय. दुर्दैवाने जाळे, विष आणि सुरुंग या कणगीवरच प्रथम पडतात, कारण मासा तेथे आयता सापडतो.

जाळ्यात लहान-मोठा, अंडी असलेला-नसलेला असा भेद करता येत नाही. गळाने मासा एकेक करून हाती येतो व तो ठेवावयाचा की सोडावयाचा हे ठरविता येते. परंतु गांडूळ किंवा कणकेची गोळी लावलेला गळ मासा पुष्कळदा पोटापर्यंत गिळतो. असा मासा सोडला तरी वाचत नाही. या अडचणीतून वाट काढणारा गळाच्या मासेमारीचा एक प्रकार आहे, त्यास इंग्रजीत फ्लाय फिशिंग म्हणतात. यात खरे आमिष नसतेच. गळाभोवती पिसे, केस व लोकर गुंडाळून केलेली खोटी माशी माशापुढे टाकावयाची असते. तिला चव नसल्यामुळे मासा ती तोंडात घेताच फसवणूक ओळखतो आणि थुंकून टाकू पाहतो. म्हणून गळ बहुधा ओठातच रुततो आणि मासा न दुखविता सोडविता येतो. आपल्याकडे हा साहेबी शौक समजला जातो, आणि ते काही अंशी खरेही आहे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले, ते आपल्या साहेब मित्रांसाठीच. तथापि त्यातील विद्या शौकिनांपुरतीच ठेवण्याचे आता कारण उरलेले नाही.

आपल्या नद्यांत गळाला लागणाऱ्या माशांचे दोन मोठे वर्ग आहेत. एक खवल्यांचा कार्प वर्ग : खुद्री अथवा महाशीर, कोळस, रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस. दुसरा बिनखवल्यांच्या मिशाळ माशांचा, म्हणजे कॅटफिशांचा : शिवडा, शिंगटी, घोगरा, मागूर. जिल्ह्याजिल्ह्यांत ही नावे बदलतात. शिवड्यासच कोठे पहाडी, कोठे पडीन म्हणतात. यांतील काही मराठी नावे जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसली आहेत, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दख्खनची पाहणी केली आणि १८३९ साली येथील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. कोळी-भोई मंडळी जे नाव सांगत तेच त्याने माशाला दिले. तोर खुद्री, हिप्सेलोबार्बस कोळस, मिस्टस शिंगटी, रीटा घोगरा ही शास्त्रीय नावे आजही त्याच्याच नावावर आहेत, आणि खुद्रीचा नमुना त्याला पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला होता. त्याच नदीत आज तो शोधावयास कोणी जाणार नाही.

कटला, रोहू व मृगळ हे मूळचे आपल्या नद्यांतले नव्हेत. ते गंगेच्या खोऱ्यातून आणून येथे सोडलेले आहेत. सायप्रिनस तर परदेशी. तो १९३९ साली सिलोनहून उटकमंडला आणि १९५७ साली बँकॉकहून कटकला आला. १९५७ सालीच डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाची सुई देऊन कार्पची अंडी घेतली, आणि तेव्हापासून शेततळ्यासाठी रोहू-कटल्याचे बीज मागेल त्याला मिळू लागले. कोळस, शिंगटी, घोगरा यांची गोष्ट निराळी आहे. बीज केंद्रातून त्यांची बोटुकली आणावी म्हटले तर ती सहसा मिळत नाहीत. त्यांचे बीज केंद्र म्हणजे गावचा डोह.

माशी व तिची फेक

नेहमीच्या गळात शिशाच्या वजनाने दोरी दूर जाते. माशीला वजन नसते. वजन दोरीत असते. ही दोरी जाड, गुळगुळीत व टोकाकडे निमुळती असते आणि तिच्या पुढे सातआठ फूट बारीक नायलॉनचा धागा व त्याच्या टोकाला माशी बांधतात. बैलाला न लावता हवेत आसूड कडकविणारा गडी जे करतो, तेच येथे करावयाचे असते. काठी मागे नेऊन खांद्यापाशी एकदम थांबवावी, दोरी पाठीमागे सरळ होण्यास अवसर द्यावा आणि मग पुढे आणून पुन्हा एकदम थांबवावी. नवशिक्याची चूक नेहमी एकच असते : तो घाई करतो व जोर लावतो. दोरी मागे सरळ होण्यापूर्वीच हात पुढे आला, की सारा गुंता त्याच्याच डोक्यावर येऊन पडतो. पाठीशी बाभळी किंवा करंज असतील तेथे मागे फेक घेता येत नाही. तेथे पाण्यावरचीच दोरी काठीच्या गोल हिसक्याने पुढे लोटतात.

बाजारी काठी नऊ फुटांची असते आणि खुद्री किंवा शिवड्यासाठी ती आठ-नऊ क्रमांकाची घेतात. ती शेतकऱ्याने विकत घ्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. जपानच्या डोंगरी ओढ्यांत चाकीवाचून, केवळ लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी आणि माशी एवढ्यावरच मासे धरण्याची जुनी रीत आहे. तिला तेन्कारा म्हणतात. आपल्याकडील दहाबारा फुटी सरळ वेळूच्या काठीने ओढ्यातील वीतभर मासे त्याच रीतीने धरता येतात. मोठ्या माशाला मात्र चाकी हवीच, कारण खुद्रीने पहिली धाव घेतली की पन्नास-साठ हात दोरी पाहता पाहता जाते.

माशी घरी करता येते. कोंबड्याच्या मानेचे पीस, बकरीच्या शेपटीचे केस, जुन्या स्वेटरची लोकर, विजेच्या टाकाऊ तारेतील बारीक तांबे आणि शिवणाचा दोरा एवढ्या साहित्यात काम भागते. गळाच्या क्रमांकाची एक गंमत लक्षात ठेवावी : आकडा जसा वाढतो तसा गळ लहान होतो. कार्पसाठी सहा-आठ क्रमांकाचा, खुद्रीसाठी दोन ते सहा क्रमांकाचा पुरतो. गळाच्या टोकाशी जो उलटा दात असतो, तो पकडीने दाबून सपाट करावा. यामुळे एखादा मासा निसटेल. पण सोडावयाचा मासा एका क्षणात मोकळा होईल, आणि स्वतःच्या बोटात रुतलेला गळ काढण्यासाठी दवाखान्यात जाण्याचा प्रसंगही टळेल.

कार्पचा स्वभाव

कार्पच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. तोंड नळीसारखे पुढे काढून तो अन्न ओढून घेतो आणि नको असलेले तितक्याच सहजतेने बाहेर टाकतो. खुद्रीच्या घशातील चर्वण इतके बळकट असते की त्याखाली हलक्या प्रतीचा गळ वाकतो. माशी घेताना कार्प हिसका देत नाही. दोरी किंचित थबकते किंवा बाजूला सरकते एवढेच. त्याच क्षणी काठी उचलावी लागते. म्हणून कार्पच्या मासेमारीत हातापेक्षा डोळ्याचे काम अधिक. तळाशी चरणारा मासा चिखलाचा लोट उठवितो किंवा शेपटीचे टोक पाण्याबाहेर काढतो. माशी त्याच्या अंगावर न टाकता त्याच्या वाटेवर दोन हात पुढे टाकावी आणि तळाशी बसू द्यावी.

कार्प व मिशाळ मासे या दोहोंच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी असते. तिच्यामुळे त्यांस पाण्यातील कंप फार चांगला ऐकू येतो. काठावर दाणदाण पाय आपटीत चालणाऱ्या माणसाला डोह रिकामा दिसतो याचे कारण हेच. जुने भोई अनवाणी व खाली वाकून चालतात, ती केवळ सवय नव्हे.

खुद्री कीटक, गोगलगायी, खेकडे, लहान मासे खातो, तसाच फळेही खातो. पाण्यावर ओणवलेल्या उंबराखाली किंवा जांभळाखाली फळे गळण्याच्या दिवसांत मासा ठाण मांडून असतो. फळ पाण्यात पडल्याचा ‘डुब्’ असा आवाज होताच तो वर येतो. तांबूस लोकरीचा घट्ट गोळा गळावर बांधला की उंबराची माशी तयार होते, आणि ती जितकी बोजडपणे पाण्यावर पडेल तितकी बरी. नदीकाठचे उंबर तोडून तेथे दोन सरी ऊस वाढविणारा शेतकरी काठाची माती तर घालवितोच. माशांची शिदोरीही घालवितो.

मिशाळ मासे

मिशाळ मासा डोळ्यांपेक्षा चवीवर चालतो. त्याच्या मिशांवर व अंगाच्या कातडीवरही चव घेणारी इंद्रिये पसरलेली असतात, आणि गढूळ पाण्यात, अंधारात तो त्यांच्याच साहाय्याने भक्ष्य शोधतो. पिसाच्या माशीला वास नाही, चव नाही. त्यामुळे शिंगटी व घोगरा माशीला क्वचितच लागतात, हे स्पष्ट सांगितलेले बरे. ज्याला संध्याकाळच्या कालवणासाठी शिंगटी हवी आहे त्याने गांडूळच वापरावे.

शिवड्याची गोष्ट वेगळी. तो लहान माशांचा पाठलाग करणारा शिकारी आहे. कार्तिक-मार्गशीर्षात पाणी काचेसारखे असते, तेव्हा सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात डोहाच्या तोंडाशी बकरीच्या पांढऱ्या केसांची चार बोटे लांब माशी टाकून थांबत थांबत ओढली, तर तो ती घेतो, आणि घेतो तेव्हा हात खांद्यातून हिसडतो. त्याच्या जबड्यात दातांच्या दाट ओळी असतात. म्हणून माशीच्या वर वीतभर बारीक पोलादी तार लावावी व तोंडात बोट घालू नये. शिंगटी व घोगरा यांच्या छातीच्या व पाठीच्या परांत ताठ काटे असतात. ते उभारून मासा त्यांना जणू कुलूप घालतो. काटा लागला तर फार ठणकते. मासा ओल्या फडक्यात, काट्यांच्या मागून धरावा.

काय सोडावे व काय ठेवावे

सोडावयाचा मासा पाण्याबाहेर काढूच नये. हात ओले करून, उथळ पाण्यात आडवा धरून चिमट्याने गळ काढावा. कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत थर निघतो व तेथे रोग बसतो. मासा तोंड प्रवाहाकडे करून धरावा आणि तो स्वतःच्या बळाने निसटेपर्यंत ढकलू नये. वैशाखात ऊन पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा तेव्हा डोळ्यांदेखत पोहत जातो आणि दुसऱ्या दिवशी उलटा तरंगतो. त्या महिन्यांत डोहाला गळ लावूच नये हे उत्तम.

सर्वच मासे सोडावेत असे नाही. तिलापिया आपल्या देशात १९५२ साली आणला गेला, आणि आता कित्येक जलाशयांत देशी माशांची जागा त्याने घेतली आहे. तो गळाला लागला तर खुशाल घरी न्यावा. आफ्रिकी मागुराच्या संवर्धनावर सरकारने २००० साली बंदी घातली, तरीही चोरून पाळलेला हा मासा पुरात तळ्यातून निसटतो व नदीत शिरतो. तो मिळेल ते खातो, आणि कोणत्याही कारणाने पुन्हा पाण्यात सोडू नये.

कावेरीचा दाखला

नदीत मासा सोडणे हे नेहमीच पुण्यकर्म असते असे नाही, याचा एक दाखला शेजारच्या कर्नाटकात घडला आहे, आणि त्याचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून खुद्रीचे बीज तयार केले. काम चांगले होते, आणि हे बीज देशातील अनेक नद्यांना पाठविले गेले. त्यांत कावेरीही होती. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर होता. १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. पुढे कावेरीकाठी गळाने मासा धरून सोडण्याची केंद्रे निघाली. पूर्वी सुरुंगाने मासे मारणाऱ्यांपैकी काही जण तेथे वाटाडे म्हणून पगारावर राहिले व नदीचे राखणदार बनले. ही केंद्रे अभयारण्याच्या हद्दीत असल्यामुळे २०१२ च्या सुमारास तेथील गळाची मासेमारी बंद झाली. पण गालीबोरे येथील केंद्रात कोणता मासा, किती वजनाचा, कोणत्या दिवशी मिळाला याची वही राहिली होती.

१९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढे आली. माशांची संख्या वाढत होती, परंतु सरासरी वजन घटत होते. वाढणारा मासा दख्खनचा खुद्री होता. कावेरीच्या मूळ महाशीराची लहान पिले जवळजवळ दिसेनाशी झाली होती. संख्या वाढते आहे म्हणून सारे समाधानी असताना मूळ मासा नदीतून चालला होता. २०१८ साली या उंच पाठीच्या माशाची तोर रेमादेवी अशी शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली. आपला खुद्री मात्र त्याच सुमारास संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. एका खोऱ्यातील बीज दुसऱ्या खोऱ्यात नेऊन सोडण्याचा उत्साह ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवरावा, तो यासाठी. ‘आपल्या डोहात दोन हजार बोटुकली सोडू’ असा ठराव ग्रामसभेत आला, तर प्रथम विचारावे की ती कोणत्या माशाची व कोठली आहेत.

चढण आणि डोह

पहिल्या पावसाचे पाणी ओढ्यांतून नदीला मिळाले, की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. कोकणात याला वलगण म्हणतात, कोठे चढणीचे मासे. रात्री कंदील घेऊन शेताच्या बांधावर मासे धरण्याची मौज कोकणच्या मुलांना सांगावी लागत नाही, आणि ती बंद करा असे म्हणणारा कार्यकर्ता गावात अप्रिय होतो हेही खरे. पण ओढ्याच्या तोंडाशी आडवे बांबूचे सापळे लावून एकही मासा वर जाऊ न देणे, हे पेरणीच्या पाभरीतून बियाणे काढून खाण्यासारखे आहे. ओढ्याचा निम्मा भाग मोकळा ठेवा, पहिले आठ दिवस जाऊ द्या, एवढे तरी मागणे गाव ऐकते. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. खुद्रीची थोड्या हजारांवर थांबते, आणि तीही वाहत्या पाण्यात वाळू-गोट्यांवर. वाळू उपसली गेली की ती जागाच जाते.

गेळफळ कुटून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून डोह मारणे, सुरुंग लावणे, बॅटरीचा झटका देणे, यांत लहान पिलेही उरत नाहीत. स्फोटके व विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरविले होते व ते आजही गुन्हाच आहे. तरी डोह खरा राखला जातो तो गावाच्या शब्दाने. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे येथे देवाच्या नावाने राखलेल्या डोहांत आजही महाशीर हातभर अंतरावर येतात. देवाचे नाव नसलेला डोहही गावाने ठरविले तर राखता येतो. मात्र नदीवर पोट असणाऱ्या भोई-कोळी कुटुंबांना बैठकीत बोलावल्यावाचून असा ठराव करू नये. त्यांच्या जाळ्याला कोणता भाग मोकळा व कोणता बंद, हे त्यांच्याच तोंडून ठरले तर टिकते. बाहेरून गळ घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींस वाटाड्या म्हणून न्यावयाचे झाल्यास तो मानही त्यांचाच, कारण कोणत्या दगडामागे शिवडा बसतो हे पदवीधरास ठाऊक नसते. असे काही सुरू करण्यापूर्वी नदीचा तो भाग अभयारण्यात किंवा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात आहे काय, याची चौकशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात करावी.

आणि एक वही ठेवावी. शाळेची शंभर पानी वही पुरते. दिनांक, डोहाचे नाव, पाणी निवळ की गढूळ, माशाचे गावातील नाव, लांबी, पोटात अंडी दिसली काय, ठेवला की सोडला, एवढे रकाने बस्स आहेत. वजनकाटा नसल्यास काठीवर खुणा करून लांबी मोजावी. नाव ओळखता आले नाही तर मोबाईलने छायाचित्र घेऊन वहीत तसे लिहावे. ते पुढे जाणकारास दाखविता येते. आषाढात पहिला मासा कोणत्या तारखेस चढला तेही टिपून ठेवावे. वही बहुधा बिघडते ती एकाच ठिकाणी. मासा मिळाला त्या दिवसाची नोंद प्रत्येक जण हौसेने करतो. तीन तास उभे राहून काहीच मिळाले नाही तो दिवस कोणी लिहीत नाही. त्या दिवशीही तारीख घालून, किती वेळ गळ पाण्यात होता ते लिहून, पुढे शून्य मांडावे.